युरोपातली खुर्ची

"अहो, तुमची खुर्ची कुठली?"

पहारेकऱ्याच्या बायकोने तिसऱ्यांदा विचारलं. आज त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस, म्हणून एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती इथे आली होती. खाजगी संग्रहालय ते, खोल्या दोनच. एकीत जपान, दुसरीत युरोप. दोन्ही मुलुख हा एकटाच सांभाळायचा.

"आधी हे बगळे तर बघ."

जपानी पडद्यावर सात बगळे एका पायावर उभे होते.

"बघितले. खुर्ची?"

लग्न ठरताना त्याने सांगितलं होतं, बसून काम आहे. नव्या नवरीने हौसेने खुर्चीसाठी उशी शिवून दिली. पुढे त्याचे पाय सुजायला लागले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या. रोज तेल चोळताना ती बजावायची, "बसून बसून होतं हे. जरा उभे राहत जा." तो "बरं" म्हणायचा. आज्ञाधारक नवरा म्हणून आळीत त्याचा लौकिक होता.

युरोपात एकच खुर्ची होती. मखमली, भोवती लाल दोरी.

"ही?"

"हिच्यावर बसायचं नाही. फ्रेंच आहे."

"मग तुम्ही बसता कुठे?"

पहारेकऱ्याने दारातून बगळ्यांकडे पाहिलं. बायकोने त्याच्या पायांकडे.

"एकतीस वर्षं!" तिचा आवाज चढला. "आणि मी मेली तुम्हालाच उभं राहायला सांगत होते! तोंड शिवलं होतं तुमचं?"

"तुझ्या वडिलांना बसून काम करणारा जावई हवा होता."

"उशी कुठाय?"

"कपाटात. कोरी आहे अजून."

ती तडक फ्रेंच खुर्चीपाशी गेली. दोरीचा आकडा काढला आणि खुर्चीत बसली. चांगली मांडी ठोकून.

संग्रहालयाचे संचालक धावत आले. "अहो बाई, उठा! दोनशे वर्षांची आहे ती!"

"आणि यांचे पाय बासष्ट वर्षांचे! त्यांच्याभोवती लावलीत कधी दोरी? एक साधं स्टूल सुचलं नाही तुम्हाला?"

संचालक पहारेकऱ्याकडे वळले. "उठवा यांना. नाहीतर पाच वाजताच्या निरोप समारंभातलं प्रशस्तिपत्र विसरा."

पहारेकरी पुढे झाला. या खुर्चीतून त्याने आजवर दोन नवविवाहित जोडपी आणि एक मंत्री उठवले होते. तो वाकला, गुडघा कडकन वाजला. खाली पडलेली दोरी त्याने उचलली आणि बायकोला आत ठेवून आकडा पुन्हा अडकवला. मग आपल्या जागेवर जाऊन, टाचा जुळवून, नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला,

"साहेब, कृपया दोरीच्या बाहेर उभं राहावं."

संचालक उभे राहिले. शेजारी पहारेकरी.