गुलनाजची नियत

पिंपळगाव राजात गुलनाजनं शिवलेला ब्लाउज कधी परत आला नाही, हे तिचे दुश्मनही कबूल करतील. कापड हाती घेतलं की काज-बटण करूनच सोडायची. पण गोष्ट लिहायला बसली की या बाईला काय व्हायचं, अल्लाच जाणे! सुरुवात अशी झोकात की वाचणाऱ्याचा चहा थंड व्हावा. मग अर्ध्यात कुठंतरी नायिका पाण्याला जायची अन् तिकडेच राहायची. अशा कितीजणी घागरी घेऊन ताटकळल्या असतील बिचाऱ्या!

तिची मैत्रीण पुष्पांजली गावातलं वाचनालय चालवायची. रमजान तोंडावर आला तेव्हा ती शिलाई मशीनजवळ येऊन ठाकली.

"ईद झाल्यावर चिखलीत कथावाचन आहे. तुयं नाव दिलं म्या. या बारीनं अर्धी गोष्ट आणली तं मी तुले ओळखत नाही, सांगून ठेवते!"

"अवं, पण मले विचारायचं तं होतं!"

"विचारलं असतं तं हाव म्हटली असती काय?"

गुलनाज परत मशीनवर वाकली. आतली गोष्ट तिची तिला ठाऊक होती. गोष्ट पुरी झाली की लोक तिला बरी म्हणणार नाहीतर वाईट. अर्धीला कोण काय म्हणणार? भीती होती ती, दुसरं काही नाही. अन् या वयात आपण आपल्याच गोष्टीला भितो, याची तिला लाजही वाटायची.

मग पहिल्या सहरीला, पहाटेच्या जेवणाला, तिनं रोज्याची नियत केली, तशी मनातल्या मनात दुसरीही केली. नियत म्हणजे मनाशी बांधलेली गाठ, तिची दवंडी पिटायची नसते. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की एक पान लिहायचं. मशीनला हात नंतर.

अन् काय सांगावं, जमलं की हो! पोटात सहरीची भाकर, गल्ली शांत, अन् वहीवर वाकलेली गुलनाज. पण एक अडचण आली. पूर्वी ती बेधडक चंद्रासारखा चेहरा, हरणासारखे डोळे लिहून मोकळी व्हायची. आता हात अडू लागला. रोज्यात खोटं बोलायचं नाही, मग खोटं लिहायचं तरी कशाला? गोष्टीतल्या बांगड्या विकणाऱ्या मणियारणीचा चेहरा तर उन्हानं रापलेला होता. तिनं चंद्र खोडला, हरिण हाकललं अन् जसं होतं तसं लिहिलं. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, ही पण इबादतच आहे, अल्लाची भक्तीच.

ईद जवळ आली तसे कपड्यांचे ढीग लागले. सगळ्यांना कपडे ईदच्या आधी हवे, अन् सगळे शेवटच्या आठवड्यात येणार! एका सकाळी नमाज पढून उठली ती गुलनाज तडक मशीनवर बसली. दुपारी सुईत दोरा ओवताना तिला आठवलं. आजचं पान राहिलं होतं. तुटली नियत! तिनं वही पेटीत टाकली. डोळ्यात पाणी आलं, अन् खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर ती आडवी झाली. सासू राबियाबी जानमाजची, नमाजाच्या चटईची, घडी करत होती. एरवी घरात उर्दू-हिंदीची खिचडी बोलणारी ही बाई चिडली की अस्सल वऱ्हाडीवर यायची.

"काऊन व? आज लिहून नाही राह्यली?"

"तुटलं ना अम्मी. काल भुललीच मी. आता काय उपयोग?"

"रोज्यात भुलून पाणी पेलं, तं रोजा तुटते काय? सांग!"

"नाही. आठवलं का थांबायचं. रोजा तसाच पुढे."

"मंग? अल्लामिया माफ करते, अन् तू कोण लागून गेली व माफ न करणारी? भुलली ते चूक नाही. आठवल्यावरही लोळत राह्यली, तं मात्र तुटलं समज. ऊठ!"

गुलनाज उठली. अशी उठली की पेटीचं झाकण भिंतीवर आदळलं. त्या दिवशी तिनं दोन पानं लिहिली अन् गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं. गल्लीत चाँद दिसल्याचा गलका झाला तेव्हा ती शेवटच्या वाक्यावर होती. सगळे बाहेर पळाले. ती पूर्णविराम देऊनच बाहेर आली.

चिखलीच्या सभागृहात माईकसमोर तिनं वही उघडली. मणियारणीनं हात धरला जणू. गावभर बांगड्या भरणारी ती बाई, नवरा गेल्यावर स्वतःचे हात मात्र रिकामे ठेवणारी. शेवटी एका बाजारात, दहा जणांच्या देखत, ती आपल्याच टोपलीतून लाल बांगड्या काढून स्वतःला भरते. "तिनं हात हलवून आवाज ऐकला," एवढं वाचून गुलनाज थांबली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"पुढं काय झालं व, बाई?"

गुलनाजनं माईक तोंडाजवळ ओढला. आवाज असा खणखणीत निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना.

"पुढं काई नाही, बाबाजी. संपली! म्या संपवली!"

पुष्पांजलीनं सगळ्यांदेखत शिट्टी मारली. मग टाळ्या सुरू झाल्या, अन् गुलनाजही मागं राहिली नाही. तीही वाजवत सुटली.