काटा तीन हजारांवर

मित्रांनो, मी एका जुन्या व्हॅनमधला आरपीएम मीटर आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. गाडी किती वेगाने पळते ते माझा शेजारी स्पीडोमीटर सांगतो. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते मी सांगतो. गाडीत बसणारा प्रत्येक जण त्याच्याकडेच पाहतो आणि तो भाव खाऊन जातो. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मला मात्र पहिल्यापासून सगळ्या गोष्टींची चौकशी करायची खोड.

एका कारखान्यात लांब टेबलापाशी बसणाऱ्या बाईंनी माझा काटा चिमट्याने बसवला. हलकी फुंकर मारून त्या म्हणाल्या, "खोटं सांगू नकोस हं." मला मिळालेला तेवढाच उपदेश, आणि तो मी आजवर पाळला आहे.

माझी व्हॅन आरसे बनवणाऱ्या एका गृहस्थांनी घेतली. त्यांना सगळे आरसेकाका म्हणत. मागच्या लाकडी चौकटीत आरसे उभे करायचे, मध्ये जुन्या चादरी कोंबायच्या आणि हायवेने दूरदूर पोचवायचे, हा त्यांचा धंदा. शेजारी बसायची त्यांची मुलगी. तिच्या अखंड चिवचिवाटामुळे तिचे नाव पडले चिमणी.

मला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. सपाट हायवेवर ऐंशीचा वेग धरला की काका पाचवा गिअर टाकत आणि माझा काटा बावीसशेवर येऊन स्थिरावे. तोच वेग चौथ्यात धरला तर काटा तीन हजारांवर चढतो, इंजिन कोकलते, डिझेल उगाच जळते. हे मला कळत होते, पण काकांना कसे कळायचे? ते तर माझ्याकडे पाहतच नसत! मग मला वाटले, फेरे जितके कमी तितके बरे, एवढेच ते लक्षात ठेवत असावेत. पण तो अंदाज चुकला. चढ लागला की पाचव्यात माझा काटा पंधराशेवर घसरे, गाडी कण्हायला लागे, मागचे आरसे किणकिणत. काका लगेच चौथा टाकत, काटा वर जाई आणि गाडी खुशीत चढे. पुष्कळ दिवसांनी मला उलगडा झाला. काका कानाने गाडी चालवत होते.

चिमणीलाही तो कान मिळाला होता. सहा वर्षांची ती सीटवर पाय हलवत बसायची आणि बडबड मध्येच थांबवून ओरडायची, "बाबा, पाचवा!"

"ऐकू आलं, मालकीणबाई!" म्हणत काका गिअर बदलायचे.

वर्षे गेली. चिमणी शिकून मोठी झाली. माझ्या काचेवर धूळ बसली, आतला दिवा गेला. तो बदलावा असे कोणाला वाटले नाही, याचे मला वाईट वाटले. पण त्याहून विचित्र काही घडत होते. माझा काटा हल्ली बराच वेळ वरच राहायचा. काका गिअर बदलायला उशीर करू लागले होते.

एके सकाळी चिमणी दोन बॅगा घेऊन गाडीत बसली. काका मागचे दार लावत होते, तेवढ्यात तिने मैत्रिणीला फोन केला. "नोकरीचं सांगितलं तेव्हा नुसती मान डोलावली गं त्यांनी. तेव्हापासून धड बोलत नाहीत. आज वाटेतही बोलले नाहीत ना, तर मी गाडी परत फिरवायला सांगणार. त्यांना दुखवून नकोच ती नोकरी."

हायवे लागला. वेग ऐंशी, गिअर चौथा, माझा काटा तीन हजारांवर. इंजिन कोकलू लागले.

"बाबा, पाचवा," चिमणी म्हणाली. काकांनी काहीच केले नाही.

"बाबा, राग माझ्यावर आहे ना? मग तो गाडीवर कशाला काढताय?"

काका निवांत रस्ता पाहत होते. चेहऱ्यावर रागाचे नाव नव्हते. ते मला समोरून दिसत होते, पण सांगणार कसे? माझा जीव टांगणीला लागला. मी काटा तीन हजारांवर धरून राहिलो, दुसरे काही माझ्या हातात नव्हते.

चिमणी वाकली. तिने अंगठ्याने माझी धूळ पुसली, काकांच्या हाताला हात लावला आणि माझ्यावर बोट ठेवले.

काका दचकले. "अरे, तीन हजार? मला वाटलं, पाचवा टाकलाय."

"एवढं ओरडतंय इंजिन. ऐकू येत नाही तुम्हाला?"

"काय?"

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. माझा काटा शून्यावर आला.

"वर्ष झालं असेल," ते ओशाळून म्हणाले. "काच कापायच्या मशीनचा आवाज कमी झाला, तेव्हा वाटलं मशीन सुधारलं."

"मग माझ्या नोकरीचं सांगितलं ते?" तिने मोठ्याने विचारले.

"चार दिवसांचं ट्रेनिंग म्हणालीस ना? दोन बॅगा कशाला, ते विचारणारच होतो."

चिमणी हसायला लागली आणि हसता हसताच रडली. मग त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत, तिने सगळे पुन्हा सांगितले.

"म्हणजे तू तिकडे राहायलाच चाललीस," काका म्हणाले. "जा, नक्की जा. रागावतो कशाला? आनंद करायचा राहून गेला माझा."

चिमणीने बॅगेतून नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्या काचेवर बावीसशेपाशी लाल ठिपका दिला. "कानाच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत सपाट रस्त्यावर याचं ऐकायचं. चढावर गिअरच्या दांड्यावर हात ठेवा, गाडी थरथरली की चौथा."

काकांनी मान डोलावली.

"या वेळी खरंच ऐकलंत का?" तिने विचारले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी उत्तर द्यायचे थांबले, तर रागावले असेल असे ठरवून मोकळे होऊ नका. जवळ जा, हाताला हात लावा, विचारा. आणि माझ्यासारख्या कोपऱ्यातल्या काट्याची काचही अधूनमधून पुसत जा.

दोन महिन्यांनी काका कानात छोटे यंत्र घालून चिमणीला सुट्टीसाठी आणायला गेले. येताना हायवेवर ऐंशीचा वेग आला, तरी ते चौथ्यातच राहिले. आता इंजिन त्यांना स्वच्छ ऐकू येत होते. लाल ठिपकाही समोर होता. माझा काटा तीन हजारांवर चढला आणि मला काही कळेना. काका गालातल्या गालात हसत वाट पाहत होते.

"बाबा, पाचवा!"

"ऐकू आलं, मालकीणबाई!" काका म्हणाले, आणि मी ठिपक्यावर आलो.