कॉइलला लावलेला कान

"जरा गप्प बसा सगळे," मेकॅनिक म्हणाला आणि गाडीच्या उघड्या पोटात त्याने डोकं खुपसलं.

सगळे म्हणजे दोघंच. एक त्याची बायको, टॉर्च धरून उभी. दुसरे गाडीचे मालक वकीलसाहेब, श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेणारे.

गाडी त्यांच्या वडिलांच्या काळातली. डॅशबोर्ड उन्हाने असा कडक झालेला, की रागाने बघितलं तरी तडा जावा. सकाळी तो कसाबसा अखंड निघाला होता. दुसऱ्यांदा निघणार नव्हता, आणि तसला दुसरा शोधूनही मिळणार नव्हता. म्हणून एसीची नवी कॉइल बसवून, नळ्यांत नायट्रोजन दाबून भरून, कुठे गळतंय का ते आत्ताच बघायचं. डॅशबोर्ड एकदा चढला की चढला.

बाकीचे मेकॅनिक जोडांना साबणाचा फेस लावतात, मीटरचा काटा बघत बसतात. हा नुसता ऐकायचा. बाजारात त्याला कानसेन म्हणत. पलीकडच्या गल्लीत मुंगीला उचकी लागली, तर हा इकडून पाणी पाठवेल, अशी ख्याती. त्यातली निम्मी बायकोनेच पसरवलेली, पण उरलेली निम्मी खरी होती.

"सामसूम," तो डोकं बाहेर काढत म्हणाला. "चढवू डॅशबोर्ड, साहेब?"

"तुम्ही म्हणाल तसं. कानसेनांपुढे आम्ही काय बोलणार?"

बायको टॉर्च घेऊन आणखी पुढे झुकली. तिला ऐकू येत होतं. डाव्या जोडापाशी, बारीक, सापाच्या पिल्लाने फुत्कारावं तसं. घरचा टीव्ही हल्ली शेजाऱ्यांनाही फुकटात ऐकू जायचा. ती समजायची, टीव्ही म्हातारा झालाय.

"धर गं तिकडून."

तिने धरलं नाही. आत्ता बोलावं, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल. न बोलावं, तर गॅस उडून जाणार, डॅशबोर्ड पुन्हा काढावा लागणार, फुटणार, आणि त्याच्याबरोबर याचं नावही.

"थांबा. फेस लावते."

"कशाला? आपण लावलाय कधी?"

"ही कॉइल नवी सून आहे. कामाला जुंपायच्या आधी अंघोळ तरी घालू द्या."

वकीलसाहेब हसले. तो हसला नाही. तिने उगाच आधी उजव्या जोडाला फेस लावला, मग साहेबांकडे पाठ करून डाव्या. एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच्या मागून दुसरा.

तो बघत राहिला. मग पुन्हा वाकला, कान पार जोडाला टेकवला. कानाला फेस लागला. बुडबुडे येतच होते.

"काय झालं हो?" साहेबांचा आवाज चिरकला.

"काही नाही. रबराची रिंग मुडपलीय," तीच म्हणाली. "बदलतील ते."

त्याने नायट्रोजन सोडला, जोड उघडला, रिंग बदलली. हात नेहमीसारखेच चालले, घाई नाही की चूक नाही. पुन्हा नायट्रोजन भरला.

"आता ऐका बरं नीट," साहेब म्हणाले.

त्याने कानावरचा फेस बाहीने पुसला. बायको खालून डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"आता ही ऐकेल, साहेब," तो म्हणाला. "माझे कान गेलेत. हिचे तिखट आहेत."

त्याने तिच्या हातातला टॉर्च घेतला आणि जागा करून दिली. ती वाकली. बराच वेळ तशीच राहिली. मग बाहेर येऊन तिने मानेनेच सांगितलं, आणि वर तोंडानेही सांगितलं, "सामसूम," सावकाश, ओठ त्याला दिसतील असं.