पहाडबाबाचा आवाज

मंगळवारी सकाळी साडेदहाला येरगावच्या चौकात नाटकाचा टेम्पो येऊन थांबला आणि त्याच्या भोंग्यातून मुखरू भोयरांचा आवाज आला. मुखरू भोयर त्या वेळी समोरच्या पानठेल्याच्या बाकावर बसले होते. त्यांचं तोंड बंद होतं.

"येरगावच्या मायबापहो," आवाज म्हणाला, "शुक्रवारी शंकरपटाच्या मैदानावर या. या म्हाताऱ्यानं आजवर मार खाल्ला. आता हा म्हातारा हात उचलणार आहे."

मग तो हसला. पोटातून निघून सावकाश वर चढणारं आणि शेवटी नाकात मोडणारं ते हसू मुखरूभाऊंनीच घडवलं होतं. पण आधीची वाक्यं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

पानठेलेवाला इतवारी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता थांबला. "भाऊ, आवाज परत आला म्हणा तुमचा. सांगतलं नाई कोणाले."

मुखरूभाऊंनी गळ्यावर हात ठेवून मान हलवली. उन्हाळ्यापासून त्यांच्या गळ्यातून फक्त हवा निघत होती. कान जवळ नेला तरच तिच्यात शब्द सापडत.

"मी नाई तो," ते म्हणाले.

"काय म्हणता?"

"मी नाई."

"तुम्ही नाई त कोण?" इतवारी हसला. "अख्खी झाडीपट्टी वळखते ह्या आवाजाले. अन खाली नाव लिवलं आहे ना तुमचं."

टेम्पोच्या बाजूला फलक होता. 'म्हाताऱ्यानं हात उचलला.' पांढरी दाढी लावून, कमरेत वाकून, काठी टेकून उभा असलेला माणूस आदेश होता. हाच आदेश कित्येक हंगाम मुखरूभाऊंचा दारुडा मुलगा होऊन त्यांना स्टेजवर लाथेनं तुडवत आला होता. त्याच्या फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : आवाज – मुखरू भोयर.

टेम्पो पुढच्या गावाकडे वळला. मुखरूभाऊ खर्रा न घेताच घरी गेले.

पंचविशीतच ते म्हातारे झाले होते. आवाज जन्मतःच जाड, त्यात थोडी घरघर. वडशाच्या नाटक कंपनीनं पहिल्याच वर्षी त्यांना बाप केलं आणि मग कुणी त्यांना दुसरं काही होऊ दिलं नाही. मुलानं हाकललेला बाप, जावयानं फसवलेला बाप, लेकीसाठी जमीन विकणारा बाप. तिसऱ्या अंकात ते मरायचे. पुढे बसलेल्या बाया पदरात तोंड घालून रडायच्या. कंपनीचे मालक पत्रूशेठ पडद्यामागून बोट वर करायचे. म्हणजे अजून थोडा वेळ मर.

मग सरफराज आला. बल्लारपुरात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जपानी ॲनिमेचे, म्हणजे तिकडच्या कार्टूनचे, तुकडे आपल्या बोलीत आवाज भरून तो चॅनलवर टाकायचा. मूल गावी कंपनीचा मुक्काम होता. दुपारी कलाकार धर्मशाळेच्या ओट्यावर लोळलेले, तेव्हा तो मुखरूभाऊंजवळ येऊन बसला.

"चाचा, एक बुढ्ढा दाखवू?"

फोनच्या पडद्यावर घागरीएवढा एक म्हातारा होता. टक्कल, गुडघ्यापर्यंत दाढी, हात पाठीमागे बांधलेले. गाव त्याला हसत होतं. तो झाडाखाली बसून चहा पीत होता. लुटारू आले, गावातली जवान पोरं मार खाऊन पडली. म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला आणि एक बोट उचललं. मागचा डोंगर मधोमध फाटला. कपातला चहा हललासुद्धा नाही.

मुखरूभाऊंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"हा मरत नाई का?"

"नाई ना चाचा. ॲनिमेत असे लय बुढ्ढे रायतात. जेवढा बुढ्ढा तेवढा खतरनाक. कंबर वाकलेली दिसली का समजायचं, आता पहाड फुटते."

"अन पोराचा मार?"

"पोरगं त्याच्या पायाशी बसून शिकते."

"आमच्याकडं म्हातारा मराले आणतात," मुखरूभाऊ म्हणाले. "कवा येऊ सांग."

दुकानाच्या मागे एक खोली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या, दाराला घोंगडं. सरफराजची बहीण नाहीद संवाद लिहायची आणि हेडफोनमधून सांगायची. ते मुखरूभाऊंना अगदी घरच्यासारखं वाटलं. झाडीपट्टीत आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं. पाठांतराला वेळ कुणाला? विंगेत प्रॉम्प्टर बसतो, खालच्या आवाजात वाक्य पुरवतो आणि नट ते उचलून त्यात जीव घालतो. वाक्य कानातून थेट तोंडात यायला हवं. मध्ये डोक्यात थांबलं की नाटक पडलं. जन्मभर मुखरूभाऊंनी एकही वाक्य पडू दिलं नव्हतं.

त्या जपानी म्हाताऱ्याचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून नाहीदनं त्याला पहाडबाबा केलं. चॅनल चाललं. मूलच्या स्टेशनवर पोरं मुखरूभाऊंच्या मागे लागायची, "बाबा, एकडाव हसा ना." मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीतली पोरं त्यांच्या हसण्याची नक्कल करून पाठवायची. त्यांची बायको आशाबाई म्हणायच्या, "घरात त कधी हसले नाई हे असे."

त्यांनी पत्रूशेठकडे एकच गोष्ट मागितली. न मरणारा म्हातारा लिहून घ्या.

"लोक रडाले येतात, भाऊ," पत्रूशेठ म्हणाले. पण चॅनल पाहिल्यावर त्यांनी नाटक लिहायला घातलं. म्हातारा अर्थातच मुखरूभाऊ.

दरम्यान जपानवाल्यांच्या तक्रारीवरून चॅनलवरचे व्हिडिओ निघाले. चित्रं त्यांची होती, ती गेली. आवाजाबद्दल कुणी काही म्हणालं नाही. भर मे महिन्यात सरफराजनं मुखरूभाऊंना पुन्हा बोलावलं. आवाज साफ भरून ठेवू, पुढं कामी येईल, असं म्हणाला. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. गाद्यांच्या त्या भट्टीत मुखरूभाऊ दिवसभर गरजले, हसले, रडले, डोंगर फोडत राहिले. संध्याकाळी आवाज बसला. मग तो उठलाच नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली आणि सांगितलं की गाठ खर्ऱ्याची, तिला फोडलं ओरडण्यानं. आवाजाची आशा धरू नका.

पत्रूशेठ भेटायला आले होते. सोबत मोसंबी होती. "आराम करा," म्हणाले. "नाटक कुठी पळून नाई चाललं."

टेम्पो आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मुखरूभाऊ आणि आशाबाई पॅसेंजरनं बल्लारपूरच्या बल्लारशा स्टेशनवर उतरले. मुखरूभाऊ बायकोच्या कानाशी बोलत आणि ती मोठ्यानं सांगत असे. घरात आता असंच चालायचं.

सरफराजनं काउंटरमागून उठून दोघांना खुर्च्या दिल्या. "चाची, पाणी घ्या. चाचा, तब्येत काय म्हणते?"

मुखरूभाऊ आशाबाईंकडे झुकले.

"ते म्हणतात, माहा आवाज त्या टेम्पोत कसा गेला?"

"मशीननं बनते आता चाची. आपल्याजवळ चाचाचा भरलेला आवाज आहे. मशीन तो शिकते, मग काय पण बोलवा. पत्रूशेठले पाहिजे होता. मी म्हटलं, चाचाचं नाव टाकसान तरच देतो."

"विचारलं कोणाले?"

"चाचाले." तो अजिबात चिडला नाही. त्यानं काउंटरवरचा स्पीकर जोडला. "ऐका."

पहाडबाबाचा आवाज आला. "मी मुखरू डोमाजी भोयर. माझा आवाज मी राजीखुशीनं देतो. तो पाहिजे तिथे, पाहिजे तसा वापरावा. माझी हरकत नाही." आणि मग ते हसू, पोटातून नाकापर्यंत.

आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते. 'राजीखुशीनं'च्या आधी घेतलेला दम बरोबर होता. शेवटचं वाक्य खाली सोडलं होतं, तेही चांगलं झालं होतं. हे सगळं त्यांच्या मनात आधी आलं. वाक्याचा अर्थ त्यानंतर पोचला आणि त्यांनी डोळे उघडले.

"हे मले कधी सांगतलं?" त्यांनी स्वतःच विचारलं. सरफराजला ऐकू आलं नाही. आशाबाईंनी सांगितलं.

"सांगाले कायले पाहिजे? बोलले ना स्वतःच्या तोंडानं. नावासकट."

"नाव त नाटकाच्या आधी पुकारतातच सगळ्याईचं," आशाबाई म्हणाल्या. हे वाक्य नवऱ्यानं पुरवलेलं नव्हतं. "त्यायले वाटलं असंल, तसंच काही आहे."

"समजलं नाई त बोलले काऊन?"

"तुही बहीण बोलली म्हणून बोलले. जन्मभर तेच केलं यायनं."

घोंगड्याच्या दारात नाहीद उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मुखरूभाऊंनी तिला हातानं जवळ बोलावलं. ती आली आणि त्यांच्यापुढे खाली बसून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"तुले मालूम होतं, बेटा?"

"मी वाचत गेली चाचा, तुम्ही बोलत गेले. मले वाटलं तुम्हाले समजून राह्यलं." ती थांबली. "भाईजान म्हणाले होते, डायलॉगच्या मधात घाल, थांबू नको. थांबली का चाचा विचारत बसतीन."

"नाहीद," सरफराज म्हणाला, "अंदर जा."

ती उठली, पण आत गेली नाही. सरफराज आशाबाईंकडे वळला. "चाची, एक सांगतो. मी आवाज भरला नसता त आज आवाजच नसता चाचाचा. कुठीच नसता. मी वाचवला. शिव्या देऊन राह्यले तुम्ही मले, पण शुक्रवारी हजार लोक चाचासाठी टाळ्या वाजवतीन."

मुखरूभाऊंनी काही म्हटलं. आशाबाईंनी ते मोठ्यानं सांगितलं नाही. त्या नुसत्या उठल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "आता काय म्हटलं तुम्ही?"

"आदेशले दाढी चांगली दिसते म्हटलं."

गुरुवारी ते पोलीस ठाण्यात गेले. हवालदार समजूतदार होता. त्यानं अर्ज वाचला, मोबाईलवर टेम्पोचा आवाज ऐकला आणि पेन ठेवून म्हणाला, "आता तुम्ही बोला भाऊ. दोन वाक्यं. जुळवून पाहू."

मुखरूभाऊंनी तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली. हवा बाहेर आली.

"मोठ्यानं."

"एवढंच येते," आशाबाई म्हणाल्या.

"मग हा आवाज यांचाच कशावरून? जुनं काही भरलेलं आहे का?"

चॅनलवरचं सगळं उतरलेलं होतं. नाटकांचं कुणी भरून ठेवत नाही. मुखरूभाऊंचा आवाज मुखरूभाऊंच्या नावासकट जगात एकाच ठिकाणी होता : सरफराजच्या त्या तुकड्यात. आवाज त्यांचा आहे हे सिद्ध करायला तोच लागणार होता, आणि तो लावला की आवाज त्यांनी देऊन टाकलेला होता. हवालदाराला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो क्षणभर हसला, मग त्याला वाईट वाटलं.

"त्या मुलीचा जबाब पाहिजे," तो म्हणाला. "तिनं लिहून दिलं का फसवून बोलवलं म्हणून, तर काही होईल. नाहीतर कठीण आहे."

परतताना मुखरूभाऊ बसस्टँडवर घोळक्यात बसले. एका पोरानं त्यांना ओळखलं. "पहाडबाबा, हसा ना." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. पोराला वाटलं, बाबा गंमत करतात. ते खूश होऊन आईकडे पळालं.

शुक्रवारी सकाळी टेम्पो पुन्हा गावात आला. मुखरूभाऊ ओसरीवर होते. आशाबाई मागच्या अंगणात धान वाळत घालत होत्या. आवाज चौकातून निघाला, शाळेवरून फिरला, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आला. "माझी माय, माझ्या बहिणी, या म्हाताऱ्याला एकदा पाहून जा."

आशाबाई हातातलं टाकून पुढे आल्या. नवऱ्याच्या अंगावरून गेल्या आणि कुडाच्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला होता. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"आशा," मुखरूभाऊ म्हणाले.

भोंगा चालू होता. त्यांना ऐकू गेलं नाही.

नाटक झालं. मुखरूभाऊंसाठी पुढच्या रांगेत ठेवलेल्या खुर्चीवर शेवटी सरपंचाचे मेहुणे बसले. आदेशनं बोट उचललं तेव्हा मैदान शिट्ट्यांनी भरलं आणि लोकांनी तेवढा भाग पुन्हा करायला लावला, असं इतवारीनं सांगितलं. "लय भारी बोलले भाऊ तुम्ही," तो म्हणाला, आणि खर्ऱ्याचे पैसे घेतले नाहीत.

सोमवारी दुपारपर्यंत नाहीदचा जबाब झालेला नव्हता. तिचा फोन लागतो, पण ती उचलत नाही. आशाबाईंनी पुन्हा लावला तेव्हा तो उचलला गेला, पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. आशाबाईंनी दोनदा नाव घेतलं, मग तो बंद झाला. कंपनीचा टेम्पो सध्या सिंदेवाही भागात फिरतो आहे.