ग्विलियमबाईंची गढूळ साइडर

मी पिंप बोलतोय, ओकच्या लाकडाचं. वय ऐंशीच्या पुढे. पोट सुटलेलं, पण ते जन्मापासूनच.

इंग्लंडातल्या हियरफर्डशर परगण्यात हेस्टर ग्विलियमबाईंच्या कोठारात माझा मुक्काम. त्यांची सफरचंदं इतकी तुरट की चोरसुद्धा दुसऱ्यांदा येत नाही. साइडरला, म्हणजे सफरचंदाच्या दारूला, मात्र तीच लागतात. पानगळीत ती काठीने झोडपायची, ढीग घालून मऊ पडू द्यायची, भरडायची, लगदा कापडात गुंडाळून थरावर थर रचायचे आणि वरून मळसूत्र आवळायचं. रस माझ्या पोटात. बाई त्यात काहीच घालत नाहीत. तो आपणहून फसफसतो. काही आठवडे मी ढेकरा देतो, मग गप्प होतो. वसंतात बाई घोटभर चाखतात आणि मान हलवतात.

बाग मात्र पुतण्याच्या, रोलंडच्या नावावर. यंदा तो म्हणाला, "काकू, जत्रेतल्या स्पर्धेत पहिली आलीस तर शहरातलं हॉटेल तुझी सगळी साइडर घेईल. नाहीतर झाडं काढून मी पर्यटकांचे तंबू ठोकणार."

मला पॉलिश लावून त्याने गाडीवर चढवलं.

"पण ही गढूळ दिसते गं."

"प्यायची आहे. तिच्यात तोंड नाही बघायचं."

जत्रेत काकूची पाठ वळताच त्याने माझ्या आडोशाला दुकानातल्या साइडरच्या बाटल्या उघडल्या आणि परीक्षकांसाठीची सुरई भरली.

परीक्षक फॅन्शॉसाहेबांनी घोट घेऊन डोळे मिटले. "जुन्या ओकचा श्वास," ते म्हणाले. "या पिंपाची ऐंशी वर्षं जिभेवर उतरली."

माझी तोटी अजून बंदच होती.

पहिला नंबर जाहीर झाला. बाईंनी सुरईतला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "ही माझी नाही. हे साखरेचं पाणी आहे."

"काकू, बाग वाचतेय. गप्प बस ना."

"अशी वाचवायची असती तर चाळीस वर्षं झाडं कशाला झोडपली असती रे मी?"

समितीने अर्धा तास खल केला. फॅन्शॉसाहेबांची जीभ चुकू शकत नाही, हे एकमताने ठरलं. बक्षीस सुरईला कायम राहिलं, आणि परीक्षकांच्या अपमानाबद्दल बाईंना तीन वर्षं बंदी. हॉटेलवाल्याने माझ्या आडोशाला पडलेल्या दुकानी बाटलीवरचं नाव टिपून घेतलं.

नंतर गावकरी मग घेऊन माझ्याकडे आले. शेवटी रोलंडही आला. काकूची साइडर तो जन्मात पहिल्यांदा पीत होता. दोन मग झाल्यावर खाली बघत म्हणाला, "अर्धीच बाग तोडतो."

"फार उपकार झाले," बाई म्हणाल्या, आणि त्याचा मग पुन्हा भरला.

आता उरलेल्या अर्ध्या बागेवर माझं पोट अर्धंच भरतं. तंबूतली मंडळी माझ्याजवळ उभी राहून फोटो काढतात. तुम्हीही या. साइडर आवडली नाही तर तोंडावर सांगा, बाईंना चालतं. फक्त चाखायच्या आधी कौतुक सुरू करू नका.