निळ्या मोज्यातली बाटली

मी बाटली बोलतेय. माझ्या पोटात आता जेमतेम दोन बोटं वाइन उरली आहे आणि तीही आंबूस होत चाललीय. म्हणून म्हटलं, जे सांगायचं ते आजच सांगून टाकावं.

काचेचं अंग मला भट्टीने दिलं, पण जीव मात्र बागेतला. त्या वर्षी ऊन असं पडलंच नाही. सबंध हंगामभर वारा आणि गारवा. द्राक्षं लहान राहिली, सालं जाड झाली. शेजारपाजारच्यांनी घाबरून तोडणी उरकून घेतली. आमचे बाबा, म्हणजे उभा जन्म वाइन करण्यात घालवलेले घरातले वडीलधारे, तेव्हा कंबर मोडून खाटेवर पडले होते. बाग एकट्या मुलाच्या हातात आली. तो रोज सकाळी दोन द्राक्षं तोंडात टाकायचा, बी चावून बघायचा आणि म्हणायचा, "अजून नाही."

"मुहूर्त बघतोयस का रे?" बाबा खाटेवरून ओरडायचे.

तरी तो अकरा दिवस थांबला. त्या थांबण्यातून माझा जन्म झाला.

वर्षभर लाकडी पिंपात राहिले, मग बाटलीत भरली गेले, बूच बसलं आणि तळघरात आडवी झाले. शेजारच्या फळीवर माझी थोरली बहीण होती, माझ्या आधीच्या वर्षाची. ते वर्ष भरपूर उन्हाचं, आणि वाइन खुद्द बाबांच्या हातची. तिचं बूच काढलं की खोलीभर पिकल्या फळांचा वास सुटायचा. जो येई तो तिच्या प्रेमात. मला मात्र जो चाखेल तो तोंड वाकडं करी. पिंपं दुरुस्त करणारा सुतार तर म्हणाला, "हिने माझ्या दातांवर रंधाच मारला की!"

मला वाईट वाटायचं. पण तुरटपणा अंगातच होता, तो कुठे लपवणार?

आता या घरातली अडचण सांगते. तळघराच्या पोटात एक आतली खोली आहे. जाड भिंतींची, बारमाही गार. तिथे ठेवलेली वाइन वीस वर्षं निवांत मुरते. पण जागा एका वर्षाच्याच बाटल्यांपुरती. आम्हा दोघींपैकी एकीचं घराणं आत जाणार आणि दुसरीचं शनिवारी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढणार, असं ठरलं. आणि त्याच शनिवारी मुलाला शहरातल्या मोठ्या कारखान्याला नोकरीचा होकार-नकार कळवायचा होता. तो बायकोला म्हणाला होता, "माझी पहिलीच वाइन ट्रकमध्ये गेली तर मी इथे कशाला राहू? बाबांना एक कामगार मिळेल कुठलाही."

सूनबाईच्या हातातली कपबशी उगाचच दोनदा विसळली गेली.

बाबांचा परीक्षेचा एक नेम होता. नवी वाइन टिकेल की नाही हे एका घोटात कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाटली उघडायची, थोडी ओतायची, बूच लावून ठेवायची आणि पाच दिवस रोज सकाळी, चहाच्याही आधी, एकेक घोट घ्यायचा. उघड्या बाटलीत हवा शिरते आणि वाइनला भराभर म्हातारी करते. जी पाचव्या दिवशी उभी असेल ती पुढे वीस वर्षं उभी राहील. आणि नाव दिसू नये म्हणून बाटल्यांना मोजे चढवायचे.

सोमवारी सूनबाईने नवऱ्याचे दोन जुने मोजे काढले. थोरलीला तपकिरी, मला निळा. कुठल्या मोज्यात कोण, हे फक्त तिलाच ठाऊक.

"बाटल्यांना मोजे, आणि मी अनवाणी," मुलगा म्हणाला.

"तुम्ही कुठे वीस वर्षं मुरणार आहात?" सूनबाई म्हणाली, आणि तो किती दिवसांनी हसला.

पण पहिला घोट घेताच त्याचं हसू मावळलं. त्याने मला ओळखलं होतं. बाबांनी तपकिरी मोज्यातला पेला वर धरला. "ही हसत हसत आली." मग माझा घोट घेतला, तोंडात घोळवला, चाखणाऱ्यांच्या रीतीने थुंकला. "ही तोंड आवळून बसलीय."

मुलाने पेला खाली ठेवला. "उद्यापासून मला बोलावू नका. तुमचं तुम्हीच ठरवा."

मंगळवारी बाबांनी दोन्ही घोट घेतले आणि पेले धुवायला दिले. बुधवारी थोरलीचा घोट घेऊन नुसतं "हं" केलं, माझा घेऊनही "हं" केलं. त्या दोन हुंकारांत किती फरक होता! माझं अंग हळूहळू सैल होऊ लागलं होतं. आतला वास मोकळा होत होता. थोरली मात्र धाप लागल्यासारखी झाली होती. पण सूनबाई स्वतः वाइन चाखत नसे. तिला दोन्ही "हं" सारखेच वाटले.

ओतताना ओघळ येऊन मोज्यांवर डाग पडले होते. बुधवारी दुपारी तिने ते काढून धुतले, खिडकीत वाळवले आणि आम्हा दोघींसमोर येऊन बसली. मोजे हातात, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. काय मागत होती देव जाणे. मग तिने डोळे उघडले आणि भरभर तपकिरी मोजा माझ्यावर चढवला, निळा थोरलीवर.

मला ओरडावंसं वाटलं, बाई गं, दोन दिवस थांब, मी उघडतेय! पण बुचाखालून बाटलीला कसला आवाज?

गुरुवारी सकाळी बाबांनी तपकिरी पेला ओठांना लावला आणि थांबले. निळा लावला. पुन्हा तपकिरी. मग दोन्ही पेले खाली ठेवून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"सूनबाई, तपकिरी काल दमली होती. आज ताठ उभी आहे."

"हो का, बाबा?"

"वाइन एकदा म्हातारी झाली की पुन्हा तरुण होत नाही. माणसासारखंच आहे ते."

तिने पदर मुठीत आवळला. खोटं सांगून टाकणं सोपं होतं. धुताना घोळ झाला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दारात नवरा येऊन उभा राहिलेला तिला दिसत होता. तरी तिने मान वर केली.

"मी मोजे बदलले, बाबा. मुद्दाम. तुम्ही तपकिरीला हसरी म्हणालात, म्हणून ह्यांची बाटली तपकिरीत घातली."

माझ्या पोटातली वाइन गोठेल असं मला वाटलं.

"म्हणजे तुला त्याच्या हाताची खात्री नव्हती," बाबा सावकाश म्हणाले. "असती, तर मोजे जागचे हलले नसते."

हे तिला लागलं. डोळे भरून आले. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"रडू नकोस, पोरी. खात्री मलाही नव्हती. चव पहिल्याच दिवशी ओळखली होती मी, तरी म्हटलं मोजे असू देत. नाव दिसलं नाही की आपला हट्ट जरा बाजूला बसतो." मग दाराकडे वळून ते म्हणाले, "आत ये रे. तुझ्या वाइनमध्ये आंबटपणा आहे, तुरटपणा आहे, आणि चार दिवस हवा खाऊनही दोन्ही जागेवर आहेत. माझ्या वाइनमध्ये नुसती गोडी होती. ऊन संपलं तशी तीही संपली. उद्याचा दिवस बघू. नेम मोडायचा नाही."

शुक्रवारी मी मोज्याविना उभी होते. बाबांनी घोट घेतला आणि या वेळी थुंकला नाही.

"अकरा दिवस थांबलास ते बरं केलंस," ते एवढंच म्हणाले. "जा, आतली खोली झाडून घे. फळ्या पुसून ठेव. वाळवी लागलीय का बघ."

मुलगा झाडू घेऊन गेला. सूनबाई बादली घेऊन त्याच्या मागे गेली आणि तळघरातून दोघांचं भांडण ऐकू आलं, फळ्या ओल्या कपड्याने पुसायच्या की कोरड्या. कारखान्याचं नावही निघालं नाही.

थोरलीच्या बहिणी ट्रकमध्ये चढल्या. त्यांच्यासाठी मला वाईट वाटत नाही. त्या या वर्षीच माणसांना हसवतील, आणि तेही काही कमी पुण्याचं काम नाही. माझ्या वर्षाच्या बहिणी आतल्या अंधारात आडव्या झाल्या आहेत. मी त्यांच्याबरोबर नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी आधी उघडलं जायला हवं होतं, ती मी झाले. उद्या मला विसळून फुटक्या काचेच्या टोपलीत टाकतील, मग पुन्हा भट्टी.

वीस वर्षांनी त्यातली एखादी तुमच्या हाती आली, तर ओतल्या ओतल्या काही बोलू नका. पेला जरा वेळ तसाच राहू द्या, माणसं बसलीच असतील, त्यांच्याशी गप्पा मारा. ती आपणहून बोलायला लागेल.