डावीकडच्या झाडांत

निवृत्त इंजिनियरसाहेबांचा गोल्फचा बॉल डावीकडे जायचा. कधीमधी नाही, नेमाने. निशाण समोर, नजर समोर आणि बॉल तीरासारखा डावीकडच्या झाडांत. जन्मभर सरळ रस्ते आखलेल्या माणसाला म्हातारपणी एवढासा पांढरा बॉल जुमानत नाही, याचा त्यांना मनस्वी राग यायचा.

रविवारी ते चौघे खेळत: साहेब, एक वकील, एक दातांचे डॉक्टर आणि साहेबांचा मेहुणा. शेवटी वकिलांनी तोंड उघडलंच.

"साहेब, राग मानू नका, पण निम्मा वेळ शोधाशोधीत जातो. मागचे लोक बोंबलतात. जमत नसेल तर आम्ही दुसरा कोणी बघतो."

साहेब हसले खरे, पण घरी येईपर्यंत तेच वाक्य घोकत राहिले. मुलगी फोनवर "जेवलात का?" विचारून मोकळी व्हायची. बायको गेल्यापासून रविवार सोडला, तर त्यांचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला आणि जांभई द्यायला. रविवारही गेला, तर करायचं काय?

म्हणून ते शिकवणीला गेले. कोचबाई वयाने मुलीएवढ्या, पण जीभ सासूची.

"हातांना कशाला शिव्या देताय? हात बिचारे गरीब आहेत. घोळ सगळा वरच्या अंगाचा आहे. मारायच्या आधीच तुमची छाती बॉलच्या पुढे जाते, खांदे डावीकडे उघडतात. मग हातातली काठी, म्हणजे क्लबही तिकडेच ओढला जातो. एवढी घाई कसली?"

त्यांनी एका बोटाने साहेबांचा उजवा खांदा थोडा खाली दाबला आणि छाती बॉलच्या किंचित मागे आणली. "आता इथेच राहायचं. पाठ निशाणाकडे जरा जास्त वेळ राहू दे. हातांना पुढे जाऊ द्या, तुम्ही मागे थांबा."

आठवडाभर साहेब कपाटाच्या आरशासमोर मागे थांबायला शिकले. एकदा क्लब लागून दिव्याची काच फुटली. ओरडायला कोणी आलं नाही. केरसुणी शोधून त्यांनी काचा स्वतःच गोळा केल्या.

रविवारी पहिलाच बॉल सरळ गेला, अगदी मैदानाच्या मधोमध. वकिलांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. साहेबांची मान ताठ झाली.

मग मेहुण्याने मारला. तो डावखुरा, त्याचा बॉल हवेत वळून नेहमीच डावीकडे जायचा. मेहुणा झाडांकडे निघाला आणि साहेब, सवयीने त्याच्यामागे दोन पावलं टाकून, थबकले. त्यांचा रस्ता आज मधून होता.

वकील घरपट्टीबद्दल बोलत होते. साहेब हं हं करत होते आणि नजर सारखी डावीकडे. इतके रविवार ते दोघे त्या झाडांत क्लबने गवत उलटंपालटं करत ताईबद्दल बोलायचे. ताई म्हणजे मेहुण्याची बहीण, साहेबांची बायको. लहानपणी ती रुसून माडीवर कशी बसायची, शेवटच्या आजारात नर्सला कशी दटावायची. मेहुण्याच्या घरी बायको-मुलांचा गजबजाट, चारचौघांत तर विषयच निघत नसे. हे बोलणं व्हायचं ते तिथेच, झाडांत.

दुसरा बॉलही सरळ. तिसराही. मेहुणा प्रत्येक वेळी एकटाच झाडांत शिरला आणि फार उशिराने बाहेर आला. साहेबांना इतकं एकटं स्मशानातून परतल्यावरही वाटलं नव्हतं.

चौथ्याला ते सरळ झाडांकडे चालू लागले.

"साहेब, तुमचा बॉल इकडे आहे!" वकील ओरडले.

"दिसतोय मला."

मेहुणा एका झाडाखाली नुसता उभा होता.

"दाजी? तुमचा तर सरळ गेला ना?"

"गेला. तुझा सापडला का?"

मेहुण्याने बूट उचलला. बॉल खालीच होता. "आल्या आल्याच सापडतो. नेहमीच."

"मग इतके दिवस आपण काय शोधत होतो रे?"

"बाहेर गेल्यावर ताईचं नाव कोण काढतं, दाजी?"

साहेबांनी क्लबने गवत उलटंपालटं करायला घेतलं. बाहेरून पुन्हा वकिलांची हाक आली.

"थांबा हो," साहेब ओरडले, "अजून सापडला नाही!"